सातवा गठ्ठा

आजोबांच्या वेळच्या एका फेरफाराची नक्कल हवी होती. अर्ज लिहिला, कोर्ट फीचं तिकीट डकवलं, आवकचा शिक्का मारून घेतला आणि अभिलेख कक्षाच्या दारात जाऊन उभा राहिलो. आत अंधार, कुबट वास आणि छताला टेकलेले लाल रुमाल. शिपाईमामांनी स्टुलावरून न उठता गावाचं नाव विचारलं आणि तंबाखू मळता मळता सांगून टाकलं, "खिडकीकडची तिसरी मांडणी, खालून दुसरा कप्पा. वरचा गठ्ठा उंदरांनी खाल्लाय, त्याच्या खालचा तुमचा. आता पाच वाजले, उद्या या."

उद्या गेलो, तोवर कार्यालयात सुधारणा मोहीम येऊन पोचली होती.

आपल्या सरकारी दप्तरात सहा गठ्ठे पद्धत फार जुनी. लिपिकाच्या टेबलावरचा प्रत्येक कागद सहापैकी एका गठ्ठ्यात असायलाच हवा: हातातली प्रकरणं, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची. जपानी कारखान्यांत यासाठी पाच 'एस' आहेत. सेइरी म्हणजे नको ते काढा, सेइतोन म्हणजे हवं ते जागेवर ठेवा, आणि असंच पुढे शित्सुके म्हणजे शिस्तीपर्यंत. त्यांचे पाच, आपले सहा. म्हणजे आपण एका गठ्ठ्याने पुढेच. यंदा साहेबांनी दोन्ही पद्धती एकदम राबवायचं ठरवलं. अकरा.

सगळं आवरून झालं, भिंतींना रंग लागला, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की सादरीकरणाला 'आधी'चा फोटोच नाही. 'आधी'शिवाय 'नंतर'ला मार्क कोण देणार? म्हणून लावलेले गठ्ठे पुन्हा खाली उतरवले, दोन खुर्च्या उलट्या केल्या, कोपऱ्यातल्या जाळ्यांसाठी मात्र जुन्या इमारतीत जावं लागलं. फोटो झाल्यावर गठ्ठे परत चढवले ते उंचीप्रमाणे. फोटोत तसे बरे दिसतात.

टेबलांवर आता पिवळ्या पट्ट्यांच्या चौकटी आहेत. एका चौकटीत 'स्टेपलर' असं लिहिलंय. स्टेपलर कपाटात कुलूपबंद आहे, कारण तो चौकटीबाहेर सापडला तर ज्याचं टेबल त्याला खुलासा द्यावा लागतो. माझ्या अर्जाला टाचणी लावून मिळाली.

"मग माझी नक्कल?"

"प्रतीक्षाधीन."

"कुणाची प्रतीक्षा?"

बाईंनी कार्यविवरण नोंदवही उघडून बोट फिरवलं. "अर्जदाराची."

"मी इथे उभा आहे की!"

"तशी नोंद नाही."

टोयोटाच्या कारखान्यात दोष सापडला की पाच वेळा 'का' विचारायची शिस्त आहे; पाचव्या 'का'ला मूळ कारण हाती लागतं म्हणे. मी करून पाहिलं. पहिल्या 'का'ला उत्तर आलं, साहेब बैठकीला गेलेत. दुसऱ्या 'का'ला बाईंनी चष्मा काढला. आपल्याकडे दुसरा 'का' हा सरकारी कामात अडथळा असतो. तिथेच थांबलो.

पद्धतीला नावं ठेवायची नाहीत मला. १९८०च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी असंच दप्तर लावलं होतं, आणि 'लखीना पॅटर्न' हे नाव महसूल खात्यात अजून आदराने घेतात. तिथे कागद जागेवर ठेवायचा तो मागणाऱ्याला लगेच काढून देता यावा म्हणून. आमच्याकडे कागद जागेवर असतो आणि तिथेच राहतो. काढला तर जागा बिघडेल ना!

पुढच्या आठवड्यात घरी पत्र आलं. 'शून्य प्रलंबितता' गाठायची असल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात आला आहे, आवश्यकता असल्यास नव्याने अर्ज करावा. पत्र नवव्या दिवशी निघालं होतं. लोकसेवा हक्क कायदा २०१५चा, त्यातल्या मुदतीचा फलक दारातच लावलाय, आणि माझा निकाल मुदतीच्या आत लागला होता. तक्रार करायला जागाच नाही.

नवा अर्ज घेऊन गेलो. मामा त्याच स्टुलावर होते, फक्त स्टुलाभोवती आता पिवळी चौकट. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पाय बाजूला घेतले आणि स्टुलाखालून एक विटका रुमाल ओढला. गाठ सोडली. वर उंदरांनी खाल्लेले कागद, खाली आमचं गाव.

"हा कुठला गठ्ठा, मामा?"

"फोटोवाले आले तेव्हा मी यावर बसलो होतो," मामा म्हणाले. "झेरॉक्स समोरच्या टपरीवर काढून आणा. पण शिक्क्याला बाईंकडेच जावं लागंल, आणि त्यांना सांगू नका सापडला म्हणून."