सुधारित आणेवारी

पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात सकाळी साडेसात ते साडेनऊ या वेळात देशाच्या पंतप्रधानांची आणेवारी लागते. लावणारे एकटेच, तात्या. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. सगळी नोकरी महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत. एकदा अलिबागला बदली झाली होती, ती त्यांनी खटपट करून रद्द करून घेतली. जिल्ह्याच्या ठिकाणी गेलं की माणसाला जमीन दिसेनाशी होते, असं त्यांचं मत.

असा माणूस दर स्टँडवर एक असतोच. बाकीचे नुसते बोलतात, तात्या नोंद ठेवतात. सुतळीने बांधलेली एक लांबट वही. डाव्या पानावर अंतर्गत धोरण, उजव्या पानावर परराष्ट्र. पिकाला लावायचे तशी सोळा आण्यांपैकी आणेवारी. सरकारने पैसेवारी आणून जमाना झाला, तात्यांनी ती मान्य केलेली नाही. आधी नजरअंदाज, मग सुधारित, शेवटी अंतिम. आठ आण्यांच्या खाली उतरला की तो पंतप्रधान टंचाईग्रस्त.

वहीतली निम्मी पानं पंडित नेहरूंनी अडवली आहेत. कारण उघड आहे. इतर पंतप्रधान तात्यांनी पेपरात वाचले, नेहरूंना त्यांनी पाहिलं. ३० नोव्हेंबर १९५७. प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण नेहरूंच्या हस्ते, आणि संयुक्त महाराष्ट्र समितीची काळी निशाणं घेतलेली हजारो माणसं घाटात उभी. तात्या तेव्हा दहा वर्षांचे. मी ही हकिगत पहिल्यांदा ऐकली तेव्हा ते वडिलांच्या खांद्यावर होते आणि लांबून धूळ दिसली होती. पुढच्या खेपेला गाडी दिसली. यंदाच्या पावसाळ्यात नेहरूंनी काच खाली करून त्यांच्याकडे पाहिलं.

"पण तात्या," हॉटेलच्या गल्ल्यावरचा पोरगा म्हणाला, "नेहरू तर वाईच्या अंगाने, पसरणी घाटातनं आले ना? तुम्ही इकडे पोलादपूरच्या बाजूला."

तात्यांनी बशीतला चहा संपवला. "तेच तर सांगतोय. आमच्या बाजूने आलेच नाहीत. लिही, अंतर्गत धोरण, वजा एक आणा."

हा एक आणा मला अगदीच अन्यायाचा वाटत नाही. तात्यांच्या हिशेबात गावाला बाजूला ठेवून देश बघता येत नाही आणि या मुलखाची गंमत अशी, की ते इथे खपून जातं. नेहरूंच्या मंत्रिमंडळातले दोन मोठे राजीनामे घ्या. सी. डी. देशमुख जन्मले महाड तालुक्यातल्या नाते गावात, १८९६ साली. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग देशाचे अर्थमंत्री, आणि १९५२ साली लोकसभेवर निवडून गेले ते इथूनच, कुलाब्यातून. कुलाब्याचा रायगड व्हायला १९८१ साल उजाडलं. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवायचं ठरलं, तेव्हा १९५६ साली त्यांनी राजीनामा दिला. वर लोकसभेत सांगितलं, की निर्णय मंत्रिमंडळात नीट चर्चा न होताच झाला. दुसरा राजीनामा त्याआधीचा, १९५१चा, डॉ. आंबेडकरांचा. ते या मातीतले नव्हेत, पण चवदार तळ्याचं पाणी त्यांनी २० मार्च १९२७ रोजी ओंजळीत घेतलं ते महाडला, म्हणून तात्यांच्या दप्तरी ते महाडचेच. हिंदू कोड बिल रखडलं हे राजीनाम्याचं एक कारण. लोक दुसरं विसरतात. बाबासाहेबांनी परराष्ट्र धोरणावरही बोट ठेवलं होतं. साडेतीनशे कोटींच्या महसुलातले एकशे ऐंशी कोटी लष्करावर जातात, कारण अडचणीला धावून येईल असा मित्र आपण जोडलेला नाही, असा त्यांचा हिशेब.

"एक नात्याचा, एक तळ्याचा," तात्या म्हणतात, "दोघांनी सोडलं म्हणजे दोन आणे गेले." कोटी वाईट आहे. ते ती रोज करतात.

उजवं पान अधिक काटेकोर आहे. कोरियात युद्धकैद्यांचा गुंता सोडवायला भारताची फौज गेली, तिचे प्रमुख थोरात, मराठी माणूस, म्हणून अधिक दोन आणे. पंचशील १९५४, अधिक एक, पण पेन्सिलीने. गोवा डिसेंबर १९६१ मध्ये मुक्त झाला, अधिक तीन. चौदा वर्षं लावली, वजा दोन. "हा रस्ता गोव्याला जातो," दाराबाहेरच्या चिखलाकडे हात करून तात्या सांगतात. "इथल्या माणसाला चौदा वर्षं म्हणजे काय ते विचारा." या महामार्गाचं रखडलेलं चौपदरीकरण मनात आणलं तर हा शेरा नेहरूंवर आहे की आणखी कोणावर, ते कळत नाही. मग चीन. तेच थोरात पूर्व विभागाचे प्रमुख असताना चीनकडून धोका असल्याचं लिहून देतात आणि दिल्लीत कागद दप्तरी दाखल होतो. इथे तात्यांमधला कारकून खरोखर दुखावतो. युद्ध हरण्यापेक्षा कागद दाबणं त्यांना मोठा गुन्हा वाटतो. वजा पाच.

मात्र १९६२ साली यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, त्याचे दोन आणे परत मिळतात. यामागे तात्यांचा सिद्धान्त आहे. प्रतापगडाच्या दिवशी मुख्यमंत्री यशवंतराव होते. एवढा संतापलेला जमाव असून समारंभ पार पडला, हे नेहरूंनी डोळ्यांनी पाहिलं आणि पाच वर्षांनी आठवलं. म्हणजे चीनच्या सरहद्दीची सोय मुळात पोलादपूरकरांनी करून ठेवली होती. इतिहासकारांनी याची दखल घेतलेली नाही.

हॉटेलात तात्यांना आव्हान देणारे एकच, कुवेतवाले चाचा. तिकडे ड्रायव्हर होते. १९९० साली सद्दामने कुवेत घेतलं तेव्हा वाळवंटातून अम्मानला पोचले आणि एअर इंडियाच्या विमानाने घरी आले. लाखाच्या वर भारतीय तेव्हा असे परत आणले गेले. चाचांच्या लेखी विश्वनाथ प्रताप सिंग यांचं परराष्ट्र धोरण सोळा आणे.

"चाचा, अकरा महिन्यांचं सरकार. विमानं पाठवली म्हणजे धोरण होत नाही."

"मग काय केलं म्हंजे होतं?"

तात्यांनी वही उघडली, मिटली आणि भजी मागवली. त्या पानावर अजून काही लिहिलेलं नाही.

त्यांची खरी फजिती झाली ती मात्र घरी. मी एकदा वही बघायला गेलो होतो. तात्या हिंदू कोडाच्या कलमावर आले होते. बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडल्यावर नेहरूंनी ते बिल तुकड्या-तुकड्यांनी का होईना मंजूर करून घेतलं, १९५६च्या वारसा कायद्याने बापाच्या कमाईत मुलीला मुलाइतका वाटा दिला, म्हणून एकरकमी चार आणे. तात्यांचा आवाज चढला होता. काकू आतून चहा घेऊन आल्या. कप ठेवला.

"बिरवाडीच्या जमिनीवर माझी सही घेतलीत, तेव्हा कुठे होते हे चार आणे?"

झालं होतं असं, की सासरे गेल्यावर मेहुण्यांनी हक्कसोडपत्र आणलं आणि तात्यांनीच, भावाशी वाकडेपणा नको म्हणून, काकूंना सही करायला सांगितलं. मसुदाही त्यांच्याच सुवाच्य अक्षरातला. आणि हे तात्या स्वतः चुलतभावाशी वीतभर बांधावरून वर्षानुवर्षं मोजणीचे अर्ज करतायत. त्यांच्यात आणि भावात पंचशील केव्हाच मोडलं आहे.

तात्या बराच वेळ वहीकडे बघत राहिले. मग पेन काढून त्यांनी चाराचे तीन केले. आणा कापला तो नेहरूंचाच. समासात शेरा मारला: अंमलबजावणीत कसूर.

आता प्रश्न उरतो आजच्या पंतप्रधानांचा. तो दर सकाळी कोणीतरी विचारतोच. अर्धं हॉटेल एका बाजूला, अर्धं दुसऱ्या. दोन्ही बाजूंना तात्या आपले वाटतात आणि दोन्ही बाजूंना ते चिडवतात. पीक उभं असताना अंतिम आणेवारी लावायची नाही, हा खात्याचा नियम. नेहरूंना जाऊन साठ वर्षं उलटली तरी त्यांची अजून सुधारितच चालू आहे: अंतर्गत दहा, परराष्ट्र सात. म्हणजे परराष्ट्रात टंचाई जाहीर, सवलती लागू. शास्त्रीजींपासून पुढचे बहुतेक नजरअंदाजवर थांबलेत.

कोणी फारच हट्टाला पेटला तर तात्या वहीचं शेवटचं पान दाखवतात. वर तारीख घातलेली, डावं-उजवं आखलेलं, बाकी कोरं. तुम्ही महाबळेश्वरला जाताना पोलादपूरला उतरलात तर जरूर बघा. पण विचारायचं ते नेहरूंबद्दल. आजच्यांबद्दल विचारलंत तर टेबलावरच्या सगळ्यांच्या चहाचं बिल विचारणाऱ्याच्या नावावर पडतं. तो नियम खात्याचा नाही, हॉटेलवाल्याचा आहे.