अर्धी आत, अर्धी बाहेर

असोद्याच्या माणसाने वांगी सोडून टोमॅटो लावले, हे आमच्या गल्लीला अजून पचलेलं नाही. जळगावच्या बाजारात भाजीवाली 'असोद्याचे आहेत' एवढंच म्हणते आणि वांग्याचा भाव आपोआप चढतो. बहिणाबाईंचं माहेर आणि भरताची वांगी, एवढ्या दोन गोष्टींवर गावाचं नाव चालतं, आणि दोन्हींत टोमॅटोचा काही संबंध नाही. कपाशीच्या काड्यांवर वांगं भाजायचं, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात घालून ठेचायचं. या भरतात कुणी टोमॅटो चिरून घातला तर तो माणूस चार-सहा वर्षं पुण्यात राहून आला असावा, असं समजून लोक त्याला माफ करतात.

त्यामुळे माझ्या गच्चीवरच्या टोमॅटोला अळी लागली, तेव्हा अर्ध्या गल्लीला हा न्याय वाटला.

पहिली अळी ओळखली ती समोरच्या आबांनी. आबांचा जन्म कपाशीत गेला. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी फळ उलटसुलट फिरवलं आणि गावातला हरवलेला माणूस सापडावा तसे ओरडले, "अय भो, हे तं आपलीच निंघाली! कपाशीवरची! कितीक साल पोसली मी इले!"

खरंच तीच होती. कपाशीवर हिरवी बोंडअळी, हरभऱ्यावर घाटेअळी, तुरीवर शेंगा पोखरणारी, टोमॅटोवर फळ पोखरणारी. हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा ही एकच बाई, चार शिवारांत चार नावांनी राहते आणि सातबारा एकाही ठिकाणचा नाही. २००२ साली बीटी कपाशी आली आणि बोंडांत हिला मज्जाव झाला. बीटीला पुढे गुलाबी बोंडअळीने पुरतं झुगारलं, ती कथा वेगळी. पण ही हिरवी, बोंडातून बाहेर काढल्यावर कुठे जाणार? बिऱ्हाड माझ्याकडे आलं.

हिची खायची पद्धत बघवत नाही. तोंडासकट निम्मं अंग टोमॅटोत खुपसायचं आणि निम्मं बाहेर ठेवायचं. मालक आला तरी वळून बघायचं नाही. बरं, एक फळ घेतलं तर ते संपवावं ना? तेही नाही. थोडं पोखरायचं, की निघाली पुढच्या फळाकडे. मागे राहिलेल्या भोकातून पाणी आणि बुरशी आत शिरते, आणि बाहेरून लालबुंद दिसणारा टोमॅटो हातात घेतला की बोट आत जातं.

एका गोष्टीचं मात्र मला कौतुक आहे. एका फळात सहसा एकच अळी सापडते, कारण दोन एकत्र आल्या तर मोठी धाकटीला खाऊन टाकते. आमच्याकडे भाऊबंदकीचे दावे जळगावच्या कोर्टात नातवंडं होईपर्यंत चालतात. इथे निकाल त्याच रात्री लागतो आणि अपील नाही.

औषधासाठी कृषी केंद्रात गेलो. दुकानदाराने वर न बघता विचारलं, "किती एकर?"

"गच्ची आहे."

"हो, पण किती एकर गच्ची?"

त्याची तरी काय चूक? सगळ्या बाटल्यांवरचं प्रमाण हेक्टरी असतं, नाहीतर पंधरा लिटरच्या पंपाला असतं. ते कुंड्यांवर आणायचं म्हणजे त्रैराशिक मांडून शेवटी उत्तर थेंबाच्या तुकड्यात येतं. शेवटी त्याने मला प्रेमाने सुचवलं की आधी एखादं शेत घ्या, मग या. आबांनी तर कपाशीची उरलेली अर्धी बाटलीच पुढे केली. त्यावरचं नाव वाचलं, तर मोनोक्रोटोफॉस, म्हणजे भाजीपाल्यावर वापरायला सरकारने कधीची बंदी घातलेलं. "अळी मरीन ना पन!" आबा म्हणाले. मरेल, पण कोशिंबीर खाणारा कोण कोण उरेल हा प्रश्न बायकोने विचारला आणि बाटली परत गेली.

मग निंबोळी अर्क. खानदेशात कडुनिंबाला तोटा नाही, पावसाळ्याच्या तोंडाला झाडाखाली निंबोळ्यांचा सडा असतो. पाच टक्के अर्काचा हिशेब सोपा आहे : लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळी पावडर. रात्रभर भिजत घालायची, सकाळी फडक्यातून गाळायची, चिमूटभर साबण घालायचा म्हणजे अर्क पानाला चिकटतो. फवारायचा मात्र ऊन उतरल्यावर, कारण त्यातला कडू गुण उन्हात टिकत नाही. अळीला तो लगेच मारत नाही. तिची भूक मारतो, कात टाकणं बिघडवतो. हे सगळं कागदावर सुंदर आहे. घरातल्या मिक्सरमध्ये निंबोळ्या फिरवल्यावर पुढे कितीतरी चटण्यांतून त्यांची आठवण येत राहते, हे कुठल्याच पुस्तिकेत छापलेलं नाही. शेजारच्या जिजी जिन्यातूनच ओरडल्या, "हा वास कायचा येऊ राह्यला रे भो? घरात कोनी आजारी हाये का?"

जिजींना खरी मजा वाटली ती ट्रायकोकार्डाची. ट्रायकोग्रामा नावाची गांधीलमाशीच्या कुळातली कीटकबाई एक मिलिमीटरसुद्धा नाही. ती अळीच्या अंड्यात आपलं अंडं घालते, आणि त्या अंड्यातून अळीऐवजी हीच बाहेर पडते. एका कार्डावर अशी सुमारे २०,००० अंडी चिकटवलेली असतात. मी आपला पट्टी कापून झाडाला अडकवत होतो आणि जिजी डोळे बारीक करून बघत होत्या. दुसऱ्याच्या घरात आपली पोरं ठेवून निघून जायचं, हे ऐकल्यावर त्यांना आपल्या एका नात्यातली बाई आठवली आणि पुढचा अर्धा तास कीटकशास्त्र बाजूला पडलं.

पक्षीथांबेही केले. इंग्रजी 'टी'सारख्या काठ्या उभ्या करायच्या, त्यावर पक्षी बसतात आणि अळ्या टिपतात. साळुंक्या आल्या, त्यांनी चोख काम केलं. मग बुलबुल आले. त्यांनी थांब्यावर बसून शांतपणे पाहणी केली आणि पिकलेले टोमॅटो खाल्ले.

नागअळीबद्दल मी फार बोलणार नाही, जीव जळतो. टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला. त्याची ही गाववाली टुटा अब्सोलुटा शेकडो वर्षांनी पत्ता शोधत २०१४ साली महाराष्ट्रात उतरली. पानाच्या आत, दोन पापुद्र्यांच्या मधे राहते. तिला बोटाने चिमटणं हाच उपाय मला जमला.

आणि झेंडू. ही युक्ती बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेची. टोमॅटोच्या १६ ओळींमागे एक ओळ झेंडूची, आणि झेंडूचं रोप टोमॅटोच्या रोपापेक्षा वयाने मोठं हवं, म्हणजे दोघांना फुलं एकाच वेळी येतात. पतंगाच्या मादीला झेंडूचं फूल जास्त आवडतं. ती अंडी तिथे घालते आणि टोमॅटो वाचतो. माझ्याकडे ओळी कुठल्या? कडेने झेंडूच्या कुंड्या मांडल्या. दसऱ्याच्या सुमाराला गच्ची अशी पेटली, की खालून जाणारी माणसं मान वर करून चालायला लागली. आणि दसऱ्याच्या आदल्या रात्री सगळी फुलं गेली. एकूणएक.

सकाळी मी खाली उतरलो तर गल्लीत प्रत्येक दारावर माझं सापळापीक. आबांच्या ट्रॅक्टरला, जिजींच्या चौकटीला, किराणा दुकानाच्या तराजूलासुद्धा. भांडायच्या तयारीनेच मी जिजींच्या ओट्यावर चढलो, तेवढ्यात आतून किंकाळी आली. देवघरातल्या हारातून एक धष्टपुष्ट हिरवी अळी उतरून बाळकृष्णाच्या लोण्याकडे निघाली होती. पाठोपाठ आबांच्या घरातून आरडाओरडा. मग दुकानातून. दहा वाजेपर्यंत गल्लीत ज्याच्या त्याच्या हातात केरसुणी होती. मी कुठे काही बोललो नाही. वर जाऊन एकेक टोमॅटो फिरवून पाहिला, भोक कुठेच नव्हतं.

संध्याकाळी सोनं द्यायला जिजी आल्या. आपट्याची पानं हातात ठेवली, गच्चीकडे नजर टाकली आणि म्हणाल्या, "पुढच्या साली पिवळा लाव रे भो. केशऱ्यात अळ्या लई."

पुढच्या साली दुप्पट लावतो म्हटलं, जिजी. लागेल तेवढा न्या.