पोटभाडेकरूची कैफियत

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने आपल्या समाजास ज्या अनेक चिरंजीव भांडणांची देणगी दिली, त्यांत पोटभाडेकरूचे भांडण मला नेहमीच सर्वांत रसाळ वाटत आले आहे. मूळ भाडेकरूच्या आसऱ्याने एका खोलीत शिरलेला हा मनुष्य प्रथम अंग चोरून राहतो, मग गॅलरीत तुळशीची कुंडी ठेवतो, मग दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावतो, आणि काही वर्षे लोटल्यावर मूळ भाडेकरू कोण होता हे सांगावयास पेठेत दोन साक्षीदारदेखील मिळेनासे होतात. दूरचित्रवाणीवरील गुन्हेगारी मालिकांच्या राज्यात हाच प्रकार राजरोस चालतो. अमेरिकेत १९९० साली सुरू झालेली ‘लॉ अँड ऑर्डर’ वीस हंगाम चालून २०१० साली बंद पडली (पुढे २०२२ साली तिचे कुलूप पुन्हा उघडण्यात आले, तो भाग अलाहिदा). परंतु १९९९ साली तिच्या पोटी आलेली ‘स्पेशल व्हिक्टिम्स युनिट’ मात्र मधल्या काळात अखंड नांदत राहिली. ‘सीएसआय’ने २००२ साली लास व्हेगासहून मायामीस दुसरे बिऱ्हाड थाटले, तेथील नायक प्रत्येक प्रेताशेजारी उभा राहून आधी एक कोटी करी आणि मग काळा चष्मा चढवी, आणि एवढ्या भांडवलावर ते बिऱ्हाड दहा वर्षे टिकले.

आमच्या घरात ज्या दाव्याची सुनावणी दर रविवारी चहाबरोबर होते, तो ‘ब्रेकिंग बॅड’ विरुद्ध ‘बेटर कॉल सॉल’ असा आहे. ज्यांस हा मामला ठाऊक नाही अशा भाग्यवान वाचकांसाठी मजकूर थोडक्यात सांगतो. न्यू मेक्सिको प्रांतातील अल्बुकर्की या शहरी रसायनशास्त्राचा एक पापभीरू शिक्षक कर्करोगाचे निदान होताच कुटुंबाच्या भवितव्यासाठी मादक द्रव्ये गाळू लागतो आणि क्रमाक्रमाने राक्षस होतो, ही व्हिन्स गिलिगन यांची मूळ मालिका. २००८ ते २०१३ पर्यंत तिचे ६२ भाग झाले. तिच्या दुसऱ्या हंगामात, २००९ साली, सॉल गुडमन नावाचा एक वाचाळ वकील भडक रंगाचा सूट घालून आत आला. नाट्यशास्त्रात ज्यास विदूषक म्हणतात त्याच्या जागी त्याची नेमणूक होती. परंतु बॉब ओडेनकर्क या नटाने ती जागा अशी काही धरली, की २०१५ साली गिलिगन आणि त्या वकिलाच्या आगमनाचा भाग ज्यांनी लिहिला होता ते पीटर गूल्ड, या दोघांनी मिळून त्याच्या पूर्वायुष्याची स्वतंत्र मालिका काढली. २०२२ साली ती संपली तेव्हा तिचे भाग ६३ भरले. मूळ मालिकेहून एक अधिक! हा एक भाग मूळपक्षाच्या छातीत काट्यासारखा रुतून बसला आहे.

मूळपक्षाचे मुखत्यारपत्र माझ्या भाच्याकडे आहे. तो संगणकाच्या धंद्यात असून त्यास प्रत्येक गोष्ट वेगाने व्हावीशी वाटते. पोटपक्षाची बाजू त्याची पत्नी, म्हणजे माझी भाचेसून, सांभाळते. ती हिशेबतपासनिसाच्या कचेरीत काम करीत असल्यामुळे एकाच कागदाकडे बराच वेळ टक लावून पाहण्याची तिला सवय आहे. शेजारचे निवृत्त फौजदार हे पंच म्हणून येतात, परंतु त्यांचे मन प्रथमपासून कलुषित आहे, कारण मूळ मालिकेच्या दुसऱ्याच भागात आम्लात विरघळवावयाचे प्रेत न्हाणीच्या टबासकट छत फोडून खालच्या मजल्यावर येते, आणि त्या दृश्याचा पंचनामा आपण कसा केला असता हे सांगण्याचा मोह त्यांस आजही आवरत नाही.

“मामा, अहो पहिला अख्खा सीझन काय आहे?” भाचा सुरुवात करतो. “म्हाताऱ्यांची मृत्युपत्रं, काकडीचं पाणी आणि कचऱ्याच्या पेटीत शिरून कागदाच्या चिंध्या गोळा करणारा वकील! एक धड खून नाही. हा क्राइम ड्रामा आहे की बार असोसिएशनचं स्नेहसंमेलन?”

“आणि माइकनं फिलाडेल्फियात दोन पोलीस मारले ते?” भाचेसून शांतपणे विचारते.

“ते दोघे लाचखाऊ होते, आणि मारणारा खात्यातलाच,” फौजदार म्हणतात. “ती खात्यांतर्गत बाब झाली. तिला खून कसा म्हणायचा?”

मंद गतीचा आरोप हा या दाव्यातील मुख्य मुद्दा होय, आणि तो सर्वस्वी निराधार आहे असे मी म्हणणार नाही. तिसऱ्या हंगामाच्या आरंभी हाच माजी पोलीस माइक आपल्या मोटारीत कोणी पाळतीचे यंत्र दडवले आहे काय हे पाहण्यासाठी एका भंगारखान्यात ती मोटार सुटी करू लागतो. आधी आसने निघतात, मग दारांचे अस्तर, मग जे जे निघू शकते ते ते सर्व. संवाद नाही, कोणी कोणास मारीत नाही. एक वृद्ध मनुष्य, एक मोटार आणि अथांग चिकाटी. अखेरीस ते यंत्र पेट्रोलच्या टाकीच्या झाकणात सापडते. भाच्याने त्या रात्री जांभया दिल्या, भाचेसुनेने श्वास रोखून धरला, आणि आमच्या कुटुंबाने स्वयंपाकघरातून डोकावून, “एवढ्या वेळात तुमच्या स्कूटरचं काम झालं असतं,” असा शेरा मारून दिवा मालवला. यावर मूळपक्ष फार हर्षभरित झाला. परंतु भाचेसुनेजवळ प्रतिटोला तयारच होता. मूळ मालिकेच्या तिसऱ्या हंगामातील एक संपूर्ण भाग तो शिक्षक आणि त्याचा साथीदार या दोन नरपुंगवांनी प्रयोगशाळेत शिरलेली एक माशी मारण्यात खर्च केला आहे! त्या माशीच्या भागावरून चाहत्यांत आजतागायत दोन तट आहेत: एकास तो तत्त्वचिंतनाची पराकाष्ठा वाटतो, दुसऱ्यास निव्वळ माशी वाटते. भाचा पहिल्या तटात आहे. स्वतःच्या माशीत ज्यास तत्त्वज्ञान दिसते त्याने दुसऱ्याच्या मोटारीस भंगार म्हणू नये, हा भाचेसुनेचा युक्तिवाद मला तरी बिनतोड वाटला.

दुसरा आक्षेप अधिक कायदेशीर आहे. पूर्वायुष्याची कथा असल्याने सॉल, माइक आणि कोंबड्यांच्या खाणावळीआड द्रव्यांचा व्यापार करणारा गस, हे तिघेही जिवंत राहणार हे आधीच ठाऊक असते; मग उत्कंठा कसली? हा आक्षेप घेणाऱ्याने आयुष्यात कधी अपिलाची फाइल वाचलेली नसते. खालच्या कोर्टाचा निकाल पहिल्याच पानावर लावलेला असूनही आत काय झाले हे वाचताना माणसाची झोप उडते. शिवाय जे मूळ मालिकेत दिसत नाहीत त्यांचे काय? किम वेक्सलर ही वकीलबाई तेथे कोठेच नाही, हॉवर्ड हॅमलिन नाही, नाचो नाही. आणि जो जो मनुष्य पुढच्या दप्तरात गैरहजर आहे त्याच्या दारावरची प्रत्येक थाप काळजात धस्स करते. सॉलच्या अगदी पहिल्या भागात, वाळवंटात गुडघे टेकून प्राणांची भीक मागताना, त्याच्या तोंडून इग्नासिओ आणि लालो अशी दोन नावे घाईघाईने निसटली होती. त्या वेळी त्या नावांस देह नव्हते. पुढे पोटमालिकेच्या कर्त्यांनी तेच दोन तुटके धागे उचलून त्यांची हाडामांसाची माणसे केली. पहिला स्वतः नाचो; दुसरा तर असा हसरा, देखणा आणि भयंकर निघाला, की तो पडद्यावर आला म्हणजे आमचे फौजदार खुर्ची मागे सरकवतात.

फौजदारांची स्वतःची तक्रार मात्र निराळीच आहे. कथानक मागे गेले असले तरी नट पुढेच गेले. माइकचे काम करणारे जोनाथन बँक्स १९४७ सालचे. मूळ मालिकेत ते आले तेव्हा साठी उलटलेली होती, आणि त्याच्याही काही वर्षे आधीचे वय दाखविण्याचा प्रसंग त्यांजवर सत्तरीच्या आसपास आला. “काळ मागं चाललाय आणि आरोपी म्हातारा होतोय,” फौजदार म्हणतात. “ओळखपरेडीत हा टिकणार नाही. जन्मतारखेचा दाखला मागवा.” या हरकतीस उत्तर नाही. भाचेसूनदेखील येथे चहाचे कप उचलून आत जाते.

मग पारितोषिकांचा विषय निघतो, आणि तेथे भाचा हातातील वर्तमानपत्राची गुंडाळी करून मेजावर आपटतो. मूळ मालिकेस १६ एमी पारितोषिके मिळाली, त्यांतील चार तर एकट्या ब्रायन क्रॅन्स्टन यांस प्रमुख नट म्हणून; आणि पोटमालिकेस ५३ नामांकने मिळून पारितोषिक एकही नाही. त्रेपन्न अर्ज, त्रेपन्न नामंजूर! ज्याने शासकीय कचेरीत हयात घालविली आहे त्यास या आकड्याने पोटपक्षाविषयी तिरस्कार न वाटता बंधुभावच वाटेल, हे भाच्याच्या ध्यानात येत नाही. उलट लोकांच्या प्रेमाचा पुरावा म्हणून तो असे सांगतो की, मूळ मालिकेतील शिक्षक रागाच्या भरात एक सबंध पिझ्झा घराच्या छपरावर भिरकावतो, त्याचे अनुकरण म्हणून जगभरचे भक्त अल्बुकर्कीस जाऊन त्या खऱ्या घराच्या छपरावर खरेखुरे पिझ्झे फेकीत असत. हे सत्य आहे. इतके सत्य की, २०१५ साली गिलिगन यांस हा उपद्व्याप थांबवा म्हणून चाहत्यांस जाहीरपणे बजावावे लागले, आणि पुढे त्या घराभोवती उंच कुंपण उभे राहिले. पोटमालिकेच्या भक्तांनी अद्याप कोणाच्या छपरावर काही फेकल्याचे ऐकिवात नाही. ही तिची उणीव समजावी की तिच्या प्रेक्षकांची सभ्यता, यावर एक रविवार खर्ची पडला.

माझा स्वतःचा कौल पोटभाडेकरूच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण सौंदर्यशास्त्रात नसून माझ्या नोकरीत आहे. मी एका जिल्हा न्यायालयात शिरस्तेदार होतो. आम्लाचे पिंप, स्वयंचलित बंदुका, निळे स्फटिक यांपैकी काहीही माझ्या दप्तरखान्यात कधी आले नाही. आला तो गट नंबर १३८ चा झालेला १८३. दोन सख्खे भाऊ, एक वाटणीपत्र, आणि त्या वाटणीपत्रावर पातीने खरवडून, वर बोटाच्या नखाने घासून गुळगुळीत केलेली दोन आकड्यांएवढी जागा. कागद खिडकीशी धरला की त्या जागी उजेड किंचित अधिक येई. बस्स, एवढाच गुन्हा. त्यापायी विहीर एकाकडे गेली, खडक दुसऱ्याकडे आला, आणि त्या दोघांच्या मुलांनी एकमेकांच्या लग्नाचे अक्षता-तांदूळ पाहिले नाहीत.

आता पोटमालिकेच्या दुसऱ्या हंगामाकडे वळा. तेथेही दोन भाऊ आहेत: थोरला चक हा नामांकित कायदेपंडित, विजेच्या नुसत्या सान्निध्याने आपणास व्याधी जडते अशा समजुतीने अंधारात बसणारा, धाकटा जिमी, जो पुढे सॉल होणार. थोरल्याने किमचा एक बँकेचा पक्षकार पळविला म्हणून धाकटा काय करतो? आजारी भावाची शुश्रूषा करण्याच्या मिषाने त्याच्या घरी जाऊन ती फाइल उचलतो, आणि छायाप्रतींच्या दुकानात रात्र जागून कात्री, गोंद आणि चाकूच्या साहाय्याने एका पत्त्यातील १२१६ आणि १२६१ या आकड्यांची उलटापालट करतो. मी ते दृश्य उभा राहून पाहिले. गोंदाचा ठिपका किती, पट्टी कोठे चिकटवावी, पुन्हा छायाप्रत काढताना कडेची रेघ उमटू नये म्हणून काय करावे, हे त्या लोकांनी इतक्या निष्ठेने दाखविले आहे, की असल्या विद्येवर सरकारने बंदी का घातली नाही याचे मला नवल वाटते. बँकिंग मंडळापुढे सुनावणीच्या दिवशी आकडे जुळत नाहीत, भर सभेत चकची शोभा होते आणि पक्षकार किमकडे परततो. रक्ताचा थेंब नाही. परंतु पुढच्या हंगामात वकील मंडळाच्या चौकशीत, खिशात नकळत घातलेली बॅटरी तासाहून अधिक काळ बाळगूनही काहीच झाले नाही हे उघड होताच तोच चक जेव्हा उफाळून उठतो, आणि मॅग्ना कार्टाच्या सालाच्या लगतचा आकडा आपण कधी चुकूच कसे शकू असे ओरडू लागतो, तेव्हा न्यायालयातील प्रत्येक मान खाली जाते. मूळ मालिकेत विमाने एकमेकांवर आदळतात, वृद्धाश्रमात बॉम्ब फुटतो. त्यांतील कशानेही माझ्या पोटात असा गोळा आला नाही.

भाच्यास हे पटत नाही. “मामा, तुम्हाला फक्त स्टेशनरी आवडते,” असे तो म्हणतो.

गेल्या रविवारी वाद शेवटच्या भागावर येऊन ठेपला. जन्मठेपेची टांगती तलवार डोक्यावर असताना सॉल सरकारी वकिलांस गुंडाळून शिक्षा सात-साडेसात वर्षांवर आणतो, वर दर शुक्रवारी विशिष्ट जातीचे पुदिन्याचे आइस्क्रीम मंजूर करून घेतो, आणि मग किमच्या देखत भर न्यायालयात सगळे कबूल करून ८६ वर्षे पत्करतो. एवढा पक्का सौदा मोडणारा वकील भाच्यास अविश्वसनीय वाटतो. भाचेसुनेचे डोळे भरून येतात. फौजदार ८६ वर्षांत चांगल्या वर्तणुकीची सूट किती बसेल याचा हिशेब मांडू लागले होते. इतक्यात कुटुंबाने विचारले, “पण ती बाई तुरुंगात त्याला एकटी भेटली कशी? वकिली तर तिनं केव्हाच सोडली होती ना?”

भाचेसूनच उत्तरली: किमच्या जुन्या ओळखपत्रावर मुदतीची तारीखच छापलेली नव्हती, ते दाखवून ती वकील म्हणून आत गेली.

मी आणि फौजदार एकमेकांकडे पाहू लागलो. मुदत नसलेले ओळखपत्र! आणि दरवाजावरच्या इसमाने ते सनदेच्या नोंदवहीशी पडताळून न पाहता आत सोडले? फौजदारांनी हिशेबाचा कागद उलटा केला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर आम्ही दोघांनी मिळून त्या पहारेकऱ्यास द्यावयाच्या कारणे दाखवा नोटिशीचा मसुदा लिहावयास घेतला. पहिल्या परिच्छेदापर्यंत आमचे एकमत होते. दुसऱ्यात त्यास निलंबित करावे की एक वेतनवाढ रोखावी यावर मतभेद झाला, आणि भाचा कोणत्या बाजूस जावे याचा विचार करीत राहिला.