घरून येणारा खोका: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

(जर्मनीत नुकतेच उतरलेले विद्यार्थी, नोकरदार आणि त्यांच्यामागोमाग आलेल्या मंडळींसाठी)

परदेशात घर, बँकेचं खातं आणि सायकल या गोष्टी खटपट केली की मिळतात. घरचा खोका खटपट न करता येतो. “काही पाठवू नका, इथे सगळं मिळतं,” असं तुम्ही फोनवर म्हणालात की त्याच दुपारी चकलीची भाजणी गिरणीत जाते. त्या वाक्यातून घरच्यांना ‘पोर उपाशी आहे’ एवढंच ऐकू येतं. तेव्हा खोका थांबवायचा कसा, हे इथे शिकवलेलं नाही. तो सोसायचा कसा, एवढंच पाहायचं आहे.

पायरी १: घंटीवरची पाटी

जर्मन इमारतीत फ्लॅटला सहसा नंबर नसतो. खाली घंट्यांची रांग असते, प्रत्येक घंटीपुढे आडनाव असतं आणि पार्सलवाला तेवढंच वाचतो. घरून आलेल्या खोक्यावर मात्र ‘चि. बंड्या यास’, खाली ‘सुपरमार्केटच्या मागे, तिसरा मजला, जिना चढून डावीकडे’ असं असतं. ‘चि.’ नावाचं कुटुंब त्या इमारतीत राहत नाही, म्हणून खोका परत निघतो.

लग्न झालेल्या मुलींनी विशेष काळजी घ्यावी. पासपोर्टवर माहेरचं नाव, सासरहून येणाऱ्या खोक्यावर ‘सौ.’ लावून सासरचं, आणि घंटीवर घरमालकाचं. उपाय एकच. जेवढ्या नावांनी तुम्हाला कुणीही हाक मारतं ती सगळी आडनावं घंटीवर आणि टपालपेटीवर लावा. शेजाऱ्यांना घरात सहा माणसं राहतात असं वाटेल. वाटू द्या.

पिनकोडचाही एक तास घरी घ्यावा लागतो. आपला सहा आकडी पिनकोड श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने घडवला आणि तो १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाला. जर्मनीत १९९३ पासून पाच आकडे आहेत. बाबांना हे पटत नाही. “एक आकडा राहिलाय तुझा,” म्हणून ते शेवटी एक शून्य स्वतःच्या जबाबदारीवर घालतात.

पायरी २: काय येतं, काय अडतं

पुढचा मजकूर घरच्या फ्रिजवर चिकटवायला सांगा.

युरोपीय संघाबाहेरून टपालाने मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, खवा आणि घरचं रवाळ तूप बाद. “मग लाडू कशात वळायचे?” असा प्रश्न येईल. त्याचं उत्तर कायद्यात शोधू नका. लाडवातलं तूप वेगळं काढून दाखवता येत नाही, ही लाडवाची जमेची बाजू आहे.

ताजी फळं-भाज्या वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. सूट फक्त पाच फळांना: अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन. आपल्याला पावणारा नारळ यादीत आहे, हापूस नाही. हापूसवर युरोपची नजर जुनीच. २०१४ साली फळमाशीच्या कारणाने भारतातल्या आंब्यांची आयातच बंद झाली होती, ती २०१५ च्या सुरुवातीला उठली. त्याच बंदीत अळू, कारलं, पडवळ आणि वांगंही होतं. पडवळासाठी कुणी अश्रू ढाळल्याचं ऐकिवात नाही.

औषधं खासगी व्यक्तीला बाहेरच्या देशातून टपालाने मागवता येत नाहीत. सोबत आणलेली स्वतःपुरती चालतात, खोक्यातली नाहीत. इथे आजीचा बटवा गोत्यात येतो. त्रिफळा चूर्ण औषध की अन्न? तुम्ही अन्न म्हणालात की अधिकारी डबीवरचा मजकूर वाचतो. डबीवर बद्धकोष्ठापासून दृष्टिदोषापर्यंत सगळं बरं करण्याची हमी असते. ती हमी तुमच्या विरोधातला पुरावा ठरते.

जाता जाता: दुबईच्या भावाला अनारसे पाठवू नका. खसखस तिथे अमली पदार्थांत मोडते. जर्मनीत तीच खसखस बेकरीतल्या केकमध्ये बोटभर जाड थराने भरलेली असते.

पायरी ३: फॉर्म

खोक्यावर कस्टम्सचा फॉर्म लागतो: आत काय, वजन किती, किंमत किती. किमतीच्या रकान्यावरून घरात दोन पंथ पडतात. आईच्या मते ‘घरचंच आहे, त्याची कसली किंमत’, म्हणून शून्य. बाबांच्या मते हरवलं तर भरपाई मिळावी, म्हणून दहा हजार. दोन्ही घातक. शून्य पाहून अधिकाऱ्याला संशय येतो आणि दहा हजार पाहून आनंद होतो. एका व्यक्तीने दुसरीला विनामोबदला पाठवलेली भेट ४५ युरोंपर्यंत करमुक्त असते. खरी किंमत लिहा, ‘गिफ्ट’वर खूण करा आणि आतल्या वस्तू एकेक करून लिहा. ‘खाऊ’ ही एक वस्तू धरली जात नाही.

पायरी ४: वाट पाहणे

ट्रॅकिंग नंबर तुम्हाला कळतो त्याआधी तो मामा, मावशी आणि शेजारच्या काकांना कळलेला असतो. खोका मुंबईहून सुटला की काही दिवस त्याची बातमी नसते. या काळात रोज सकाळी “पोचलं का रे?” असा फोन येईल. “नाही” म्हणा. “कस्टम्समध्ये असेल” म्हणू नका. त्या शब्दाने घरी धाड पडल्यासारखी शांतता पसरते.

राखी याच मार्गाने येते आणि बहुधा गणपती विसर्जनानंतर पोचते. ती त्या दिवशी बांधा आणि फोटो पाठवा. लग्नाची पत्रिका लग्नानंतर आली तर ती रुखवताचा भाग समजा.

पायरी ५: चिठ्ठी

पार्सलवाला तुम्ही घरी नसताना येतो. दिवसभर घरी बसलात तर तो त्या दिवशी येत नाही. टपालपेटीत चिठ्ठी मिळते: खोका शेजाऱ्याकडे दिला. कोणत्या, ते वाचता येत नाही. एकेक दार ठोठावा, पण रविवारी नको, रात्री दहानंतर तर नकोच. ज्या आजींकडे खोका निघेल त्यांना तो उचलून ठेवताना हिंगाचा परिचय झालेला असेल. त्यांना चार शंकरपाळे द्या. पुढचा खोका त्या आपण होऊन घेतील.

पायरी ६: त्सोलआम्ट

फॉर्म अपुरा असेल तर चिठ्ठीऐवजी पत्र येतं: खोका कस्टम्सच्या कचेरीत, म्हणजे त्सोलआम्टमध्ये आहे, ओळखपत्र आणि किमतीचा पुरावा घेऊन या. ही कचेरी शहराबाहेर, जिथे बस तासाला एक असते तिथे असते, आणि दुपारी लवकर बंद होते. तिथला नियम असा, की उघडायचं तुम्ही, बघायचं त्यांनी. बाबांनी पोस्टाबाहेरच्या माणसाकडून खोका मांजरपाटात शिवून, शिवणीवर लाखेचे ठसे मारून घेतलेले असतात. अधिकारी चाकू देईल. घाम पुसायला मात्र रुमाल स्वतःचा न्या.

आत तुमचं लहानपणीचं स्वेटर, त्याच्या बाहीत लोणच्याची बरणी आणि बरणीभोवती आठवड्याभराची वर्तमानपत्रं निघतील. चिवडा वाळूसारखा दिसतो, मेतकूट कशासारखं दिसतं ते बोलू नये. अधिकाऱ्याने बोट दाखवून विचारलं तर घाईने खुलासे देऊ नका. एक चकली आधी स्वतः खा. बहुतेक चौकशा तिथे थांबतात.

पायरी ७: पोच

घरी येऊन खोका ओट्यावर ठेवला की पहिलं काम फोन. फोटो नीट राहिलेल्या वस्तूंचा काढा. लोणचं स्वेटरने प्यायलं, करंज्यांचं सारण आणि पारी वेगळी झाली, हे घरी सांगायची गरज नाही. चकल्यांच्या तुकड्यांना अख्ख्या चकलीचीच चव असते. पदार्थ आवडला असं सांगताना आवाज आटोपशीर ठेवा. “फारच छान!” म्हणालात, तर पुढच्या खोक्याचं वजन वाढलंच म्हणून समजा.