सौ. जेल एक्स्टेंशन यांस अनावृत पत्र

सौ. जेल एक्स्टेंशन यांस,



पुतण्याच्या लग्नात तुम्ही माझ्या लेकीच्या दहाही बोटांवर मुक्कामाला आलात, त्याबद्दल आभार मानायचे राहूनच गेले. बदामी आकार, वर सोनेरी वर्ख आणि करंगळीवर एक खडा. हळदीपासून रिसेप्शनपर्यंत नवरीपेक्षा तुमचेच फोटो जास्त निघाले. त्या दिवसांत लेकीला साडीला पिन लावता येत नव्हती, ब्लाउजचे हूक मी लावून देत होते आणि मसालेभात तिने चमच्याने खाल्ला. पण सौंदर्यासाठी एवढं तर सोसायलाच हवं. तुमच्या बिलात दोन बऱ्या सुती साड्या आल्या असत्या, हेही मी मनात आणलं नाही.

तक्रार तुमच्या येण्याची नाहीच, जाण्याची आहे. भाडेकरूने घर सोडताना भिंतींचा गिलावाही खरवडून न्यावा, तशा तुम्ही गेलात. तुम्ही ॲसिटोनमध्ये विरघळणाऱ्या जातीच्या. कापसाचा बोळा, वर फॉइल आणि थोडी कळ काढायची तयारी, एवढ्यावर निमूट सुटला असतात. पण पार्लरमध्ये पुढची गिऱ्हाइकं ताटकळली होती. म्हणून तुम्हाला मशीनने घासलं आणि उरलेलं लोखंडी पट्टीने उचकटलं. नख म्हणजे केराटिनच्या पातळ पदरांची चवड. तुमच्या पाठोपाठ वरचे पदरही निघाले. आता नखांवर पांढुरके ओरखडे आहेत, कडा दुमडतात, गरम पाणी झोंबतं आणि संत्रं सोलायला एवढी घोडनवरी मुलगी माझ्याकडे येते.

तुमच्या घराण्याची चौकशीही करून झाली. मोठं कूळ आहे, ॲक्रिलेटांचं. त्यातल्या एकीचं नाव हायड्रॉक्सिएथिल मेथाक्रिलेट, लाडाने हेमा. नाव ऐकून वाटावं की पोळ्या लाटायला मदतीला येईल. पण दिव्याखाली नीट न वाळलेलं जेल कातडीला लागत राहिलं, तर हीच हेमा बोटांना खाज, लाली आणि फोड देते. त्या बोटांनी डोळे चोळले तर पापण्याही सुजतात. एकदा ही ॲलर्जी जडली की सहसा जन्मभर साथ सोडत नाही. दात भरायच्या सिमेंटमध्येही तुमचेच चुलते असतात, म्हणजे दातांच्या डॉक्टरकडेही पंचाईत. तुम्हाला दिव्याखाली घट्ट करणाऱ्या रसायनांपैकी एक, टीपीओ, युरोपियन युनियनने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांतून हद्दपार केलं. ती हकिगत तुमच्या जाहिरातीत कुठे दिसली नाही. जागा पुरली नसेल.

तुम्ही गेलात आणि मागोमाग तुमचे सोयरे दारात उभे. नखं मजबूत करणारं सीरम, नखं कडक करणारं लुकण, बायोटिनच्या गोड गोळ्या. शेजारच्या काकूंनी लसूण चोळायला सांगितली, आत्याने लिंबू. लसणीने कातडी भाजते आणि लिंबाने आधीच कोरडं झालेलं नख आणखी कोरडं होतं, हे दोघींना सांगून मी वाईटपणा घेतला. आपल्याला दिसतं ते नख मेलेलं असतं हो. जिवंत कारखाना आत, नखाच्या मुळाशी, कातडीखाली. मेलेल्याला वरून टॉनिक पाजून काय होणार? बायोटिन अंगात कमी असेल तर गोष्ट वेगळी. एरवी त्याचे पुरावे तोकडे आहेत. वर हे बायोटिन जास्त घेतलं की थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या काही रक्ततपासण्या चुकीचं बोलू लागतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्येच तसा इशारा दिला होता. आणि नखावर पांढरा ठिपका दिसला की कॅल्शियमची बाटली आणणाऱ्यांनाही कळवा, तो ठिपका बहुधा कुठेतरी आपटल्याचा असतो.

म्हणजे तुम्ही बिघडवलेलं नख दुरुस्त होत नाही, नवं येईपर्यंत ते सांभाळावं लागतं. घरी सध्या तेच चाललंय. नखं बोटाबरोबर कापली, कारण लांब राहिली की अडकून आणखी खाली चिरतात. बारीक दाण्याची फाइल, तीही एकाच दिशेने. मागे-पुढे घासलं की पदर सुटतात. भांडी घासताना रबरी हातमोजे आणि आत सुती. पाण्यात नख फुगतं, वाळताना आकसतं, आणि दिवसभर हेच चाललं की साबणही तुमचंच उरलेलं काम पुरं करतो. हात धुतले की व्हॅसलीन, रात्री खोबरेल तेल, तेही नखापेक्षा मुळाशी जास्त. मुळाजवळची नाजूक कातडी कापायची नाही. तिला ढकलून, कातरून 'स्वच्छ' करायची तुमच्याकडे रीत आहे, आणि तिथूनच नखुरडं होतं.

अंगठ्याचं नख मात्र मधोमध चिरलं होतं. त्यावर चहाच्या पिशवीच्या कागदाची चिंधी बेतून नखांच्या गोंदाने चिकटवली, वाळल्यावर हलकेच घासली. दिसायला ठिगळच, पण केसांत अडकत नाही. कातडी फाटून रक्त आलेलं असेल तर हा उद्योग करू नये. आणि तुमच्यासारखी कुणी घरीच उतरवायची झाली, तर बोटांभोवती व्हॅसलीन लावून, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसच्या शेगडीपासून लांब बसूनच, कारण ॲसिटोन भडकन पेटतं. तुमच्यातली ती हट्टी, न विरघळणारी जात असेल, तर ती जाणत्या हाताने घासूनच उतरवावी, नखावर तिचा पातळ थर राखून.

बाकी काम वेळेचं. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे अख्खं नवं यायला सहाएक महिने. मोजायला आमच्याकडे सोय आहे. लग्नात मी मेंदी लावली होती. माझ्या नखांवरचा तिचा केशरी रंग मुळापासून वर सरकताना दिसतो, तेवढं नवं नख आलं असं समजायचं. विल्यम बीन नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर दर महिन्याला खूण करून ३५ वर्षं हीच मोजणी केली आणि १९८० मध्ये ती छापली. वयाबरोबर नखाचा वेग मंदावतो, हे त्यांना दिसलं. आणि लांब नखांचीच हौस म्हणाल, तर पुण्याच्या श्रीधर चिल्लाल यांनी १९५२ पासून २०१८ पर्यंत डाव्या हाताची नखं कापली नाहीत. पाचांची लांबी मिळून नऊ मीटरच्या वर गेली, आणि सगळी स्वतःची. त्या हाताचं काय झालं ते वेगळं. तो हात कामातून गेला.

लेकीला एवढंच बजावलंय की नख बुडापासून सुटायला लागलं, हिरवट दिसलं, कडेला पू धरला किंवा एखाद्याच नखावर काळी उभी रेघ उमटली, तर तेल-बिल सोडून थेट त्वचेच्या डॉक्टरकडे जायचं.

मार्गशीर्षात तिच्या मैत्रिणीचं लग्न आहे. तुम्हाला आमंत्रण नाही. बाकीच्यांच्या घरी मात्र तुम्ही जाणारच, म्हणून एक विनंती. तुमच्या माणसांना सांगून दरपत्रकात 'लावणे' जेवढ्या ठळक अक्षरांत छापता, तेवढ्याच ठळक अक्षरांत 'काढणे' आणि त्याला लागणारा वेळही छापा. आणि तेवढा वेळ देणं जमणार नसेल, तर लावूच नका.

कळावे,
एका मुलीची आई