राउंड मारून बघणारा

मोडनिंबात मोटारसायकल दुरुस्त करणारे मिस्त्री मोजके, पण तिला काय झालंय ते सांगणारे हवे तेवढे. त्यातला अस्सल ओळखायचा तो हातांवरून, कारण त्याच्या हाताला ग्रीस कधीच लागलेलं नसतं. गॅरेजपुढच्या बाकड्यावर, नाहीतर जुन्या टायरांच्या चवडीवर तो सकाळपासून बसलेला असतो. गॅरेज त्याचं नसतं, गाडी त्याची नसते आणि बहुतेक वेळा चहाही त्याचा नसतो. कुणी त्याला तात्या म्हणतं, कुणी बापू. गाडीवाला येतो, "तात्या, गाडी लई थरथराय लागलीय, जरा बघा की," म्हणतो. तात्या लगेच उठत नाही. आधी गाडीकडं नुसतं बघतो, मग पायानं चप्पल शोधतो आणि मिस्त्रीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगतो, "एक राउंड मारून बघतो." आणि पुणे-सोलापूर महामार्गाच्या दिशेनं निघून जातो. लोकांना वाटतं, तो बिघाड शोधायला गेला. माझं म्हणणं असं की बिघाड सापडणं ही त्याला सगळ्यात नको असलेली गोष्ट आहे.

पुरावा देतो. थरथर कुठून येते हे ओळखायची एक परीक्षा आहे आणि तिला दहा सेकंदं लागतात. ज्या वेगाला गाडी थरथरते त्या वेगाला न्यायची आणि क्लच दाबायचा. इंजिन खाली बसलं तरी थरथर तशीच राहिली, तर दोष चाकाकडचा: रिंगेला आऊट आलाय, तारा ढिल्या झाल्यात, टायर फुगलाय किंवा बेअरिंग गेलंय. क्लच दाबताच थांबली, तर ती इंजिनाची किंवा ओढ पडल्यावर कुरकुरणाऱ्या चेनची. मग उभ्या गाडीला न्यूट्रलमध्ये तेवढीच रेस द्यायची. आताही थरथरली तर इंजिन किंवा त्याचे फाउंडेशन बोल्ट; नाही थरथरली तर चेन सॉकेट नि हबमधले रबर. हाताला तर याहून आधी कळतं. साठच्या वेगाला अठरा इंची चाक सेकंदाला नऊएक फेरे घेतं, ती थरथर मोजता येईल अशी धडधड असते. शंभर सीसीचं इंजिन त्याच वेगाला सेकंदाला ऐंशीच्या पुढं फिरत असतं, त्याच्या मुंग्या येतात. तात्याला हे ठाऊक नसतं असं नाही. पण दहा सेकंदांत निकाल लागला, तर उरलेल्या सकाळचं करायचं काय?

त्याच्या निकालाचाही एक नियम आहे. त्यानं स्वतःच्या गाडीचं शेवटचं जे बदललं, तेच सगळ्या गावाच्या गाड्यांचं गेलेलं असतं. दिवाळीत चेन सॉकेट घातलं असेल, तर होळीपर्यंत येणारी प्रत्येक गाडी चेन सॉकेटची. पुढं त्याचा कोनसेट गेला, की मोडनिंबात कोनसेटची साथ येते. निदान कसलं, ते आत्मचरित्र असतं. यावर कुणी म्हणेल, पण त्याचं पुष्कळदा बरोबर निघतं! निघणारच. शेतातल्या मातीत नि उसाच्या ट्रॅक्टरांनी उखडलेल्या रस्त्यात चेनचेच हाल आधी होतात; डोळे मिटून चेन म्हणणारा महिन्यातून चारदा तरी खरा ठरायचाच. कुणी म्हणेल, फुकटचा सल्ला, त्यात नुकसान काय? तर त्याचा शब्द मानून लोक चेन इतकी आवळतात की बोटभरही हलत नाही. मग वर बसलेल्या माणसाच्या वजनानं चिमटा दबला की ती आणखी ताणते आणि न गेलेलं बेअरिंगही जातं. तेवढं नुकसान मी त्याच्या नावावर टाकतो.

मग मिस्त्री त्याला उठवून का लावत नाही? इथं मात्र मला तात्याची बाजू घ्यावी लागते. धूर सगळ्यांना दिसतो, आवाज सगळ्यांना ऐकू येतो. थरथर ज्याच्या हातात हँडल त्यालाच कळते. मागं बसलेली बायको म्हणते, "मला तर कायच लागत न्हाई." शिवाय थोडी थरथर ही एका पिस्टनच्या गाडीची जातच आहे. वरखाली धावणाऱ्या पिस्टनचा धक्का क्रँकवरच्या वजनानं पुरता मारला जात नाही. जुन्या 346 सीसीच्या बुलेटचा आरसा थरथरला की लोक त्याला रुबाब म्हणत. 2020 साली मीटिअरच्या नव्या इंजिनात बुलेटच्याच कंपनीनं थरथर मारणारा बॅलन्सर शाफ्ट घातला, तेव्हा त्याच लोकांना गाडीत जीव नाही असं वाटलं. 2021 मध्ये ॲपलनं जाहीरच केलं की मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलची थरथर आयफोनचा कॅमेरा बिघडवू शकते. आणि मोडनिंबची गाडी म्हणजे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, नाहीतर मागं उसाच्या वाढ्यांचा भारा. भाऱ्याखाली पुढचं चाक हलकं होऊन हँडल हातात खेळतं; भारा उतरला की गाडी निर्दोष. तेव्हा नेहमीचं किती आणि जास्तीचं किती, हा प्रश्न पान्यानं सुटत नाही, त्याला दुसरा माणूस लागतो. या गावाला थरथर नवी नाही म्हणा. कुर्डुवाडी-पंढरपूर ही अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट 1906 पासून इथूनच जायची, पण तिच्यात हादरे बसले म्हणून कुणी मिस्त्री शोधत नव्हतं. ती घरची नव्हती ना. घरच्या गाडीची थरथर माणसाच्या काळजात शिरते आणि त्याला कुणीतरी साक्षीदार हवा असतो. मिस्त्रीपुढं चार गाड्या खोललेल्या असतात. साक्षीला वेळ फक्त तात्याला.

म्हणून त्याचं परत येणं बघण्यासारखं असतं. गाडी स्टँडवर लावतो, पण बंद करत नाही. टाकीवर तळवा ठेवून उभा राहतो, मान जराशी तिरकी. बाकड्यावरचे गप्प होतात. गाडीवाला त्याच्या तोंडाकडं बघत असतो. तात्या तळवा उचलतो, पँटीला पुसतो आणि म्हणतो, "लागतंय." गाडीवाल्याचे खांदे तिथंच खाली येतात. तेवढ्यात मिस्त्री वाकून इंजिनाच्या पुढच्या फाउंडेशन बोल्टला पाना लावतो, अर्धा आटा आवळतो, रेस देतो. थरथर गेलेली असते.

"आवळ, आवळ," तात्या बाकड्यावर बसता बसता म्हणतो, "पण चेन सॉकेट घालावंच लागंल."