वासपारखी

मराठी मध्यमवर्गीय घरात शिजलेलं अन्न खाण्याजोगं आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार बहुधा अशा माणसाकडे असतो, जो स्वयंपाक करत नाही. दुकानांतून आणि हॉटेलांतून नमुने उचलायला अन्न व औषध प्रशासन आहे. घरातल्या पातेल्यांसाठी वासपारखी आहे. वय साठीच्या पुढे, नोकरी संपलेली, हाताखालची माणसं पांगलेली, नाक मात्र अजून सेवेत. ही नेमणूक कोणी केलेली नसते, त्यामुळे ती रद्दही करता येत नाही.

त्याची कार्यपद्धती ठरलेली असते. जेवणाआधी तो ओट्यापाशी येतो, चष्मा कपाळावर सरकवतो, झाकण उचलतो, पातेलं नाकाशी नेतो आणि दोन श्वास घेतो. पहिला तपासाचा, दुसरा निकालाचा. निकाल एका शब्दात लागतो: आंबलंय, विटलंय, कळकलंय, खवट झालंय. क्वचित ‘चांगलं आहे’ असंही म्हणावं लागतं, पण तेव्हा आवाजात किंचित निराशा असते. शंका उरलीच तर बोट बुडवून चाटतो, खात्रीसाठी तेच बोट पुन्हा बुडवतो. या निकालावर अपील नाही.

पद्धतीतली अडचण अशी, की अन्नाला वास आणणारे जंतू आणि माणसाला आडवं करणारे जंतू पुष्कळदा वेगळे असतात. आंबलेल्या वरणाची वर्दी नाकाला लगेच मिळते. बॅसिलस सीरियसची मिळत नाही. या जंतूचे बीजाणू तांदळात आधीपासून असतात आणि भात उकळला तरी तगून राहतात. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात ते रुजतात, वाढतात, आणि त्यांतले काही प्रकार उलट्या घडवणारं विष तयार करतात. फोडणीने ते विष नष्ट होत नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या चिनी उपाहारगृहांत जेवलेली माणसं अशीच आजारी पडली होती. तिथे भात शिजवून तासन् तास बाहेर ठेवत आणि मागणी आली की तेलात परतून देत. म्हणजे फोडणीचा भातच, फक्त हळद नाही. यात दोष फोडणीच्या भाताचा नव्हे, ओट्यावर गेलेल्या रात्रीचा. हाच भात शिजल्यावर दोन तासांच्या आत पसरट डब्यात फ्रीजमध्ये गेला, तर सकाळी त्याला कांदा-मिरची घालायला हरकत नाही.

वासपारख्याला हे सांगून बघितलं तर तो आपलं दुसरं तत्त्व पुढे करतो: उकळी आणली की सगळं मरतं. हे अर्धं खरं आहे. जंतू मरतात, पण मरण्याआधी त्यांनी करून ठेवलेली विषाची तजवीज मागे उरते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूचंही असंच आहे. त्याचं विष उकळीला दाद देत नाही, त्याला वास नाही आणि चवही नाही. या जंतूचा आवडता मुक्काम म्हणजे माणसाची नाकपुडी. साधारण दर तीन-चार माणसांतल्या एकाच्या नाकात तो सुखाने नांदत असतो, आणि तिथून बोटांवर, बोटांवरून बासुंदीत उतरतो. तेव्हा तपासणीचं उपकरण आणि तपासायची वस्तू पुष्कळदा एकाच पत्त्यावर राहतात. नाक चोळून बासुंदीत बोट बुडवणाऱ्याला हे सांगण्याची प्राज्ञा घरात कोणाचीच नसते.

न्यायाने बोलायचं तर काही बाबतींत त्याच्यापुढे हात जोडावेत. दुधी चिरताना एक फोड चाखून बघा, कडू लागली तर अख्खा दुधी टाका, हा त्याचा दंडक शास्त्राला धरून आहे. ज्या कुकरबिटासिनांमुळे ही कडू चव येते, ती शिजवूनही जात नाहीत, आणि कडू दुधीचा रस औषध म्हणून डोळे मिटून पिणारी माणसं दगावलेली आहेत. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा जाऊ नये, फोडींवर तेलाचा थर हवा, कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात कढी करू नये, या बाबतींत तर तो बरणीपाशी पहारा देतो आणि ते योग्यच आहे. बाजारात माशाचे कल्ले उचलून लाली बघतो, तेही बरोबर. पण बांगडा बर्फाविना पडून राहिला तर त्यात हिस्टामिन साठतं. कल्ले बघून ते कळेलच असं नाही, आणि तळल्यानेही ते जात नाही. मग जेवणानंतर तासाभरात तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, आणि घरात ‘उष्ण पडलं’ असं निदान होतं.

शेंगदाण्याच्या बाबतीत नाकाची फसगत सगळ्यांत मोठी. खवटपणा म्हणजे तेल बिघडल्याची खूण. तो नाक पकडतं. ओलीत राहिलेल्या दाण्यांवरच्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन मात्र बिनवासाचं असतं आणि भाजल्यावरही पुरतं जात नाही. १९७४ साली गुजरात-राजस्थानच्या सीमेवरच्या गावांत बुरशी आलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसं यकृताच्या आजाराने गेली. वासपारखी काळपट, सुरकुतलेले दाणे बघतो, हुंगतो आणि ‘चालतील कुटाला’ म्हणतो. ‘बेस्ट बिफोर’ची तारीख त्याच्या मते कंपन्यांचा कावा, आणि ब्रेडच्या हिरव्या कोपऱ्यावर त्याचा उपाय म्हणजे तेवढा कोपरा कापणे. बुरशीचे धागे उरलेल्या मऊ ब्रेडमध्ये पसरलेले असतात, हे त्याला मान्य नाही, कारण ते त्याला दिसत नाहीत.

नापास झालेल्या अन्नाचं काय होतं, हा वेगळाच अध्याय आहे. ते फेकत नाहीत. ‘आपल्याला नको, पण वाया कशाला’ असं म्हणून ते कामाला येणाऱ्या बाईंसाठी डब्यात भरलं जातं. बाई डबा घेतात, ‘बरं काका’ म्हणतात आणि इमारतीच्या कोपऱ्यावरच्या कचरापेटीपाशी हलका करतात. झाकण उघडून हुंगायचीही त्यांना गरज पडत नाही. देणारा आदल्या दिवशी काय जेवला, हे भांडी घासताना त्यांना समजलेलं असतं.

खरं तर अन्न केव्हा शिजलं, किती वेळ बाहेर राहिलं, मध्ये वीज किती तास गेली होती, हे सगळं घरात एका व्यक्तीला पाठ असतं, ते म्हणजे जिने ते रांधलं तिला. पाच ते साठ अंश सेल्सिअसच्या दरम्यान अन्न जितका वेळ रेंगाळतं तितके जंतू वाढतात, हा सगळ्या प्रकरणाचा गाभा, आणि त्याचा हिशेब तिच्याकडे असतो. तिला मात्र कोणी विचारत नाही. त्यामुळे बऱ्याच घरांत ती रात्रीच ओटा आवरताना उरलेलं फ्रीजमध्ये सरकवते, संशयित आमटी मोरीत ओतते, आणि सकाळच्या तपासणीसाठी निर्धोक पातेली ओट्यावर मांडून ठेवते. त्या पातेल्यांच्या जोरावर वासपारख्याच्या नाकाची ख्याती वर्षानुवर्षं टिकून राहते.

तरीही एखाद्या रात्री घरात कोणाचं तरी पोट बिघडतंच. काही विषबाधा तासाभरात उठतात, साल्मोनेलासारख्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. पण घरातला तपास शेवटच्या घासापाशी किंवा नातवाने रविवारी खाल्लेल्या पाणीपुरीपाशी संपतो. डॉक्टर रुग्णाला विचारतात, “काय खाल्लं होतं?” उत्तर खुर्चीतून येतं, “घरचंच, डॉक्टर. मी स्वतः वास घेतला होता.”